लाइनवर सेन्योरा लुहान

फोन उचलला आणि पलीकडून शब्द येण्याआधीच, नुसत्या श्वासावरून मला कळलं कोण आहे ते.

"ब्रिंदा," ती म्हणाली. माझं नाव वृंदा, पण त्या गावात ते कुणालाच धड म्हणता येत नसे. "ओळखलंस ना मला?"

"ओळखलं."

"मग नाव घेऊ नकोस. मला आत जोड."

मी काचेतून आत पाहिलं. टेबलाच्या अलीकडे सोकोरो, आमच्या पॉडकास्टची मुलाखतकार. तिच्यासमोर एफ्रेन तोवार, कानांना हेडफोन लावून, आपली हॅट मांडीवर फिरवत हसत बसलेला. आणि माझ्या कानात होती ती त्याची बायको, एर्मिनिया.

"अगं, नवरा आहे तुझा. घरी विचार ना काय ते."

"घरी विचारून झालं," ती म्हणाली. "जोडतेस का?"

कॅलिफोर्नियातल्या सान तादेओ नावाच्या गावातली ही गोष्ट. चहूकडे संत्र्यांच्या बागा, मे महिन्यापासून अंगावर येणारं ऊन. मी वरूडची, त्यामुळे बागांचं आणि उन्हाचं मला काही वाटलं नाही. माझा नवरा श्रीरंग तिथल्या एका मोठ्या बागायतदाराच्या पॅकिंग कारखान्यात इंजिनियर होता. कारखान्यातली, बागांतली बहुतेक सगळी माणसं मेक्सिकन. दुकानात, पोस्टात, दवाखान्यात स्पॅनिश. मी मुकाट्याने ती भाषा शिकले. शिकवली एर्मिनियानेच, तिच्या स्वयंपाकघरात, मिरच्या भाजता भाजता. ती मला कोमाद्रे म्हणायची. मैत्रिणीपेक्षा जवळचं, घरातल्यासारखं ते नातं.

पॉडकास्ट सोकोरोने सुरू केला होता. ती आयुष्यभर कोर्टात दुभाषी होती. लोक खरं बोलतात, खोटं बोलतात, ते सगळं तसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की आता प्रश्न आपण विचारायचे. आपल्या लोकांचं राजकारण, शाळा, मजुरी, पाणी, आणि आपलेच पुढारी. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'समोरची खुर्ची'. जागा मिळाली मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. भिंतींना लागून घेरदार झगे टांगलेले असत, त्यामुळे आवाज घुमत नसे. मी पूर्वी अकोल्याला आकाशवाणीत होते, हे कळल्यावर तिने मला बोलावून घेतलं. रेकॉर्डिंग, काटछाट आणि फोन माझ्याकडे.

एरवी आम्ही आधी रेकॉर्ड करून मग प्रसारित करायचो. पण त्या रविवारचा कार्यक्रम थेट होता. मंगळवारी निवडणूक होती आणि एफ्रेन उभा होता काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा. गावच्या पाणी मंडळाचा तो अध्यक्षच होता. त्याच्याआधी ते मंडळ पिढ्यान्‌पिढ्या बागायतदारांच्या हातात होतं. मजुरांच्या वस्तीला कसलं पाणी येतं याची चौकशी करायचीही कुणाची हिंमत नव्हती. एफ्रेनने ती केली. दारोदार फिरला, लोकांना मतदानाला बाहेर काढलं, मंडळ जिंकलं. चर्चमधून बाहेर पडताना म्हाताऱ्या बायका त्याचा हात हातात घेऊन उभ्या राहायच्या. वागायला इतका अदबशीर की रस्त्यावरच्या शाळकरी पोरालाही 'आपण' म्हणायचा. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं तू आणि आपण वेगवेगळं असतं.

"ब्रिंदा?"

"विचारणार काय आहेस तू?"

"पाण्याचं."

माझा हात बटणावर तसाच राहिला. सोकोरोचा नियम होता, फोन करणाऱ्याने नाव आणि गल्ली सांगायची. निनावी माणूस आत जोडायचा नाही.

"नाव सांगावं लागेल," मी म्हटलं.

"लुहान. सेन्योरा लुहान, शाळेमागची गल्ली."

ते खोटं नव्हतं. त्यांच्यात लग्न झालेल्या बाईचं, सेन्योराचं, माहेरचं आडनाव तसंच राहतं. आणि राहायला ती शाळेमागच्या गल्लीतच होती.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. एफ्रेनच्या विरोधात जो उभा होता, तो बागायतदारांचा माणूस. श्रीरंगचा पगार बागायतदाराकडून. काही वेडंवाकडं झालं तर उद्या गाव म्हणणार, ती हिंदू बाई बसली होती फोनवर, मालकांनीच बसवलेली. तिथे भारतीय माणसाला सगळे हिंदूच म्हणत. सोकोरोने मला घेतलं तेव्हाही दोघांतिघांनी तिला तसं सुनावलं होतं.

पण एर्मिनियाचा आवाज मी ओळखत होते. ती चिडली की भराभरा बोलायची. त्या दिवशी ती एकेक शब्द सावकाश ठेवत होती.

मी सोकोरोच्या पडद्यावर लिहिलं, 'सेन्योरा लुहान, शाळेमागची गल्ली, पाणी.' तिने वाचलं, मान हलवली. मी बटण दाबलं.

"सेन्योरा लुहान आहेत लाइनवर," सोकोरो म्हणाली. "विचारा, सेन्योरा."

"सेन्योर तोवारना विचारायचंय," एर्मिनिया म्हणाली. आवाज सपाट केला होता, अनोळखी वाटेल असा. "शाळेजवळच्या विहिरीचं पाणी आमच्या नळाला येतं. ते तान्ह्या बाळाच्या दुधाला चालतं का?"

मी एफ्रेनकडे बघत होते. मांडीवरची हॅट फिरायची थांबली.

त्याने ओळखलं होतं. पण तो अनेक वर्षं सभा गाजवलेला माणूस. एका क्षणात हसू परत आलं.

"फार चांगला प्रश्न विचारलात आपण. आमचं मंडळ आल्यापासून पाण्याची नियमित तपासणी होते. पूर्वी ती होत नव्हती. आणि नव्या विहिरीसाठी सरकारकडून जो निधी…"

"चालतं की नाही?"

"काळजीचं कारण नाही, सेन्योरा."

"आमच्या शेजारची येसेनिया पाणी उकळून बाळाला पाजते. उकळलं की झालं, असं वाटतं तिला."

"उकळणं केव्हाही चांगलंच."

सोकोरोने मान वर केली. तिच्या हातात पेन्सिल असायची, कोर्टातली सवय, ती टेबलावर आडवी ठेवली.

"सेन्योर तोवार," ती म्हणाली, "मंडळाच्या निवडणुकीआधी तुम्ही याच खुर्चीत बसला होता. तेव्हा म्हणाला होता की खतातलं नायट्रेट विहिरीत उतरतं आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. बाळं निळी पडतात. घरोघरी जाऊन तुम्ही सांगत होता, उकळू नका."

"ते तेव्हाच्या पाण्याबद्दल होतं."

"म्हणजे आता नायट्रेट नाही?"

"मी म्हटलं ना, तपासणी चालू आहे."

"चालू आहे की झाली?"

तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवला आणि काचेतून थेट माझ्याकडे पाहिलं.

"फोनवर कोण बसतं तुमच्याकडे, सोकोरो?"

हे सगळं गावभर ऐकू जात होतं. रविवार दुपार होती. कपडे धुवायच्या दुकानात, गाड्यांच्या गॅरेजात, घराघरांतून लोकांनी फोनवर आमचा कार्यक्रम लावून ठेवला होता.

"मंगळवार तोंडावर आलाय," एफ्रेन म्हणाला. "समोरच्यांकडे पैसा आहे, माणसं आहेत. अशा वेळी असे फोन येतातच. फोन कोण घेतं, त्या माणसाच्या घरी पगार कुणाकडून येतो, हेसुद्धा जरा पाहायला हवं."

 मी हेडफोन घट्ट धरून बसले. आत जाऊन ओरडावं, ती तुझी बायको आहे रे, असं वाटलं. पण नाव घेऊ नकोस म्हणाली होती.

सोकोरोने माझ्याकडे वळून पाहिलं. भुवई किंचित वर. मला तिचा प्रश्न कळला, फोन तोडायचा का? मी मान हलवली. नाही. का, ते सांगायची सोय नव्हती. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

मग वळून माईकला म्हणाली, "फोनवर माझा माणूस बसतो. त्याची जबाबदारी माझी. प्रश्न तुम्हाला आहे. सेन्योरा लुहान, बोला."

"माझा शेवटचा प्रश्न," एर्मिनिया म्हणाली. "सेन्योर तोवार यांच्या स्वतःच्या घरी नळाचं पाणी पितात का?"

"अर्थात पितात."

"ऑगस्टपासूनसुद्धा?"

एफ्रेनने पेला पुन्हा उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"ऑगस्टपासून त्यांच्या घरी पाण्याच्या मोठ्या बाटल्या येतात. शेजारच्या गावातून. अंधार पडल्यावर गॅरेजच्या मागच्या दाराने आत नेतात, कुणाला दिसू नयेत म्हणून. त्या बाटल्या कशासाठी?"

एफ्रेन पुढे झुकला. ओठ माईकला लागले, इतका. माझ्या यंत्रावरचा आवाजाचा काटा लाल पट्ट्यात गेला.

"तू हे इथे का बोलतेस?"

तू.

आवाज अगदी हळू होता, घरातला. तो बाहेर पडला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने डोळे मिटले.

सान तादेओमध्ये त्या क्षणी कुणालाही काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. हा माणूस रस्त्यावरच्या पोराला आपण म्हणतो. तू म्हणायला त्याच्याकडे एकच बाई होती.

सोकोरो हलली नाही. कोर्टात साक्षीदार बोलायचा थांबला की ती कशी बसत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

"कारण घरी तू उत्तर देत नाहीस, एफ्रेन," एर्मिनिया म्हणाली. आता तिचा नेहमीचा आवाज. "सकाळीसुद्धा नाही दिलंस."

एफ्रेनने हेडफोन काढले. उठला. हॅट खाली पडली, ती उचललीही नाही. दाराकडे वळला आणि झग्यांच्या रांगेपाशी थांबला. मला त्याची पाठ दिसत होती. माझ्या कानात फक्त खोलीतला पंखा आणि फोनवर एर्मिनियाचा श्वास. प्रसारणात शांतता पडली की आकाशवाणीत आमचे हात आपोआप गाण्याच्या बटणाकडे जायचे. माझाही गेला. सोकोरोने न बघता हात वर करून मला थांबवलं.



"सेन्योर तोवार," शेवटी ती म्हणाली, "माईक चालू आहे."

त्यात दरडावणी नव्हती. आग्रहही नव्हता. पाहुण्याला दार कुठे आहे ते सांगावं, तसं ती बोलली.

तो बोलला तो तिथूनच, पाठमोरा. माईक लांब पडला. मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, पार शेवटपर्यंत.

"शाळेजवळच्या विहिरीत नायट्रेट आहे," तो म्हणाला. "चालतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. ऑगस्टमध्ये कळलं. मला वाटलं, चूक असेल. पुन्हा तपासायला दिलं. तेच आलं."

तो वळला. खुर्चीशी आला, पण बसला नाही. उभ्याउभ्याच माईक हाताने वर केला.

"मंगळवार झाला की सांगणार होतो. आत्ता सांगितलं तर आपण हरू, ती माणसं परत येतील आणि नवी विहीर कधीच होणार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज सांगत होतो." थोडं थांबून तो म्हणाला, "तान्ह्या बाळांना ते पाणी देऊ नका. गरोदर बायकांनी पिऊ नये. उकळू नका. उकळून काही होत नाही. येसेनिया, आपण ऐकत असाल तर दूध ओतून टाका. आत्ताच्या आत्ता. बाटल्या माझ्या घरून घेऊन जा. दार उघडं आहे."

मग सोकोरोने त्याला चार प्रश्न विचारले. मंडळात आणखी कोणाला माहीत होतं, शाळेला कळवलं का, असे. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. तिने धन्यवाद म्हटलं. तो हॅट उचलून बाहेर पडला. माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबला आणि गेला.

फोनवरचा दिवा अजून चालूच होता.

"एर्मिनिया?"

"ऐकलं मी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सोकोरो बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुला माहीत होतं, ती कोण आहे ते?"

"हो."

"आणि नाव खोटं लिहिलंस?"

"लुहान तिचं माहेरचं नाव आहे."

तिने विचार केला. "कोर्टात चाललं असतं," म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला.  

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर पाण्याचे टँकर उभे होते. मंगळवारी एफ्रेन हरला. काही लोकांनी त्याच्या घराच्या दारावर तांबडा रंग फेकला. आम्हाला मागची खोली देणाऱ्या झग्यांच्या दुकानदारिणीला फोन करून शिव्या देणारेही होते. बागायतदारांचा माणूस निवडून आला आणि पुढच्या वर्षी नवी विहीर खणली गेली ती त्याच्याच काळात, त्याच्याच नावाची पाटी लावून. उद्घाटनाला सोकोरोने त्याची मुलाखत घेतली. पाटीवर एफ्रेनच्या पाणी मंडळाचं नाव का नाही, हा तिचा पहिला प्रश्न होता.

एर्मिनिया मला कितीतरी दिवस भेटली नाही. मीही गेले नाही. त्या घरात कोणत्या तोंडाने जायचं, कळत नव्हतं. उन्हाळा लागता लागता एक दिवस तीच माझ्या दारात उभी राहिली, हातात लिंबांची पिशवी. मी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मी विचारलंच.

"येसेनियाचं बाळ कसं आहे?"

"बरं आहे. त्याला काही झालंच नव्हतं. त्या रविवारी सकाळीच मी तिच्याकडे जाऊन सांगून आले होते. आमच्या गल्लीत आणि पलीकडच्या गल्लीत, ज्यांच्या ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना सांगितलं. मला जे कळत होतं ते सगळं सांगितलं."

मी कप खाली ठेवला. "मग फोन कशाला केलास? संध्याकाळपर्यंत आपोआप गावभर झालं असतं."

"झालं असतं ना. बायकोने गावाला सांगितलं, असं झालं असतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "पोरं वाचली असती, ब्रिंदा. एफ्रेन नसता वाचला. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं. खरं बोलायला जायचा आणि मार खाऊन यायचा, असा माणूस होता तो. मला तो हवा होता. पण त्याच्याऐवजी मी सांगून तो परत येणार नव्हता. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं."

"आणि नसतं आलं तर? निघून गेला असता तर?"

"फोन मी गाडीतून केला. गावाबाहेर, पेट्रोल पंपापाशी. मागे बॅग भरून ठेवली होती. फ्रेस्नोला बहीण आहे माझी."

 त्या दिवशी फोनवर ऐकलेला तो सावकाश, मोजूनमापून घेतलेला श्वास आठवला.

"तो बोलला, म्हणून गाडी वळवून घरी गेले," ती म्हणाली. "पण घरात बोलणं नाही. नाताळ तसाच गेला. जेवायचा, ताट धुवायचा, बाहेर जाऊन बसायचा. मला वाटलं, आता हे असंच राहणार. मग फेब्रुवारीत गाडीचा टायर पंक्चर झाला. जादाचं चाक काढायला त्याने डिकी उघडली. बॅग तिथेच होती. मी काढलीच नव्हती. काढायचं धाडस झालं नव्हतं म्हण."

"मग?"

"चाक तसंच ठेवलं त्याने. बॅग उचलून घरात आणली, पलंगावर ठेवली, उघडली. मी दारात उभी. त्याला सगळं कळलं होतं, कधी भरली, कशासाठी भरली.  माझे कपडे एकेक करून काढले आणि कपाटात लावायला लागला. इतक्या वर्षांत कधी माझ्या कपाटाला हात लावला नव्हता त्याने. कुठे काय ठेवतात ते ठाऊक नाही. माझा निळा झगा उलटा टांगला."

ती हसली. डोळे पुसले.

"अजून तसाच आहे," म्हणाली. "मी सरळ केला नाही."